रस्त्याला मीठ लावलं

दातिवरे
२३ नोव्हेंबर

निमेश,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. विसरलेले नाही, मुद्दाम गाळलंय. मे महिन्यात आपल्या मावसबहिणीच्या, हिमानीच्या हळदीत जे झालं ते झालं. पण म्हणून चाळिशी ओलांडलेल्या घोड्याने सख्ख्या मोठ्या बहिणीला फोनवर ब्लॉक करावं? फोन लावला तर लागत नाही. मेसेज टाकला तर एकच खूण उमटते आणि तिथेच बसून राहते. शेवटी तू आईला पाठवलेल्या चॉकलेटच्या खोक्यावरून पत्ता उतरवून घेतला आणि तिकीट किती लागेल ते विचारायला पाकीट घेऊन सफाळ्याच्या पोस्टात जाऊन उभी राहिले. खिडकीतला माणूस पाकिटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. कॅनडाला हाताने लिहिलेलं पत्र पाठवणारी बाई त्याने बहुतेक नोकरीत पहिल्यांदाच पाहिली.

गैरसमज नको. हे पत्र समेटासाठी नाही, रस्त्यासाठी आहे.

दिवाळी झाल्यापासून आपल्या आळीवरून डंपर जायला लागलेत. तिकडे कुठल्यातरी मोठ्या कामाला दगड आणि मुरूम लागतोय आणि त्यांना आपलाच रस्ता जवळचा पडतो. डांबर कधीच गेलं, आता नुसती माती आहे. एक डंपर गेला की समोरचं घर दिसत नाही. आणि मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांड्या तर रस्त्याला लागूनच. बोंबील वाळायला टाकले की संध्याकाळपर्यंत त्यांना लाल पीठ लावल्यासारखं होतं. पालघरची घाऊक घेणारी बाई परवा म्हणाली, “मावशी, हे बोंबील आहेत की विटा?” आईने तिला जे ऐकवलं ते मी पत्रात लिहू शकत नाही.

तर गेल्या रविवारी बोईसरहून घरी आले (मी अजून त्याच कंपनीच्या लॅबमध्ये आहे, सोमवार ते शनिवार तिथल्या खोलीवर राहते, तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते), तर आपल्या दारासमोरचा रस्ता ओला. मला वाटलं नळ फुटला. चप्पल चिकटायला लागली. वाकून बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. लॅबमध्ये असं केलं तर नोकरी जाईल, पण घरी कोण विचारतंय. खारट!

आळीतल्या काही बायकांनी रस्त्याला मीठ लावलं होतं. काही बायकांनी म्हणजे आपल्या आईने. मोठ्या माशाला लावतात तसं, मूठ-मूठ, हात फिरवून. खाऱ्या मासळीच्या टाकीतलं वापरलेलं मीठ, फुकट जाणारं. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाली, “टाकीजवलची जमीन कदी सुकलेली बगितली काय तू? मीठ रातचा ओलावा धरून ठेवतो. धूल बसली का नाय ते सांग.”

धूळ बसली होती, हे मला कबूल करावं लागलं. मग ती वर म्हणते, “निमेशच्या गावाला पन सगल्या रस्त्याला मीठच घालतात.”

तेव्हा मला कळलं की तू दर रविवारी सकाळी आईला फोन करतोस. मी मागे कपडे धूत असते तेव्हा. घरात एवढी मोठी गुप्त संघटना चालू आहे आणि मला पत्ता नाही.

तुला एकच सांगायचंय. तू तिला काय सांगितलंस ते मला माहीत नाही. पण तिकडे मीठ बर्फासाठी घालतात, इकडे बर्फ नाही, हा फरक तिला समजावून सांग. माझं ती ऐकत नाही.

भावना


बोईसर
१४ डिसेंबर

निमेश,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो म्हणून तुला संशयाचा फायदा दिलाय.

आता संपूर्ण आळी मीठ लावते. आईच्या दारासमोर धूळ उडत नाही म्हटल्यावर शेजारणी कशा गप्प बसतील? टाकीतलं मीठ पुरेना, तेव्हा मिठागरावरून गोणी आणायला लागल्या. जिवल्याचा टेम्पो आहे, तो आणून टाकतो. संध्याकाळी बायका ओळीने उभ्या राहून रस्त्याला मीठ लावतात, वर थोडं पाणी शिंपडतात आणि आई एखाद्या मुकादमासारखी पुढे-मागे फिरत असते. “तिकडे कमी पडला, हिकडे टाक.” इतकी खूश मी तिला बाबा गेल्यापासून पाहिलेली नाही. म्हणूनच जास्त चीड येते. ती दुःखी असती तर रागवायला सोपं गेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. परवा अवकाळी पाऊस झाला. तासभरच, पण झोडपून गेला. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून घरी गेले, कारण वलांडीवरचे बोंबील भिजले होते आणि आई एकटी. रस्ता स्वच्छ धुऊन निघाला होता. सगळं मीठ गेलं म्हणून बायका हळहळत होत्या. मी विचारलं, गेलं म्हणजे कुठे गेलं? त्या म्हणाल्या, गेलं म्हणजे गेलं.

मी गटाराच्या कडेने चालत गेले. तुला आठवत असेल, आपला रस्ता गोड्या विहिरीकडे उतरतो, आई जिला बाव म्हणते. विहिरीचा कठडा रस्त्याच्या बाजूने फुटलेला आहे. तू आणि शेजारचा नीलेश त्यावर बसून पाय हलवायचात, तेव्हापासून फुटलाय, अजून कोणी बांधला नाही. गटार तिथेच तुंबतं. पाणी कठड्याखालून आत उतरलेलं दिसत होतं, मातीचा लाल ओघळ थेट आत.

समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तरी ही विहीर गोडी, याचं आपल्याला लहानपणी किती कौतुक. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही मचूळ. प्यायला आणि चहाला अख्खी आळी अजून इथलंच भरते. आणि आता तिच्या कडेचं वाफ्याचं रान भागीकडे आहे. भागी मासवणच्या बाजूची. त्यांच्याकडे पावसावरचं भात कापून झालं की ती आणि तिचा नवरा नवशा इकडे उतरतात, आणि विहिरीच्या पाण्यावर मेथी, मुळा, वांगी लावतात. गेल्या वर्षीपासून. त्याआधी वीटभट्टीवर जायचे. भागी म्हणते, भाजीच्या मातीत हात घालायचे आणि विटेच्या मातीत हात घालायचे, यात फरक आहे.

मी मागच्या पत्रात सौम्य लिहिलं होतं. आता स्पष्ट लिहिते. तुझ्या आईला आवर.

भावना


दातिवरे
२९ डिसेंबर

निमेश,

आज आमचं भांडण झालं. साधं नाही, आळीने दारं उघडून ऐकावं असं.

सकाळी भागी दारात आली. हातात मेथीची जुडी. “बाय, बग ना. पानं कडंनी जळाली. पानी तर रोज घालतंय आमी. आन पानी पिऊन बगितला तर ते पन कायतरी येगळंच लागतंय.” ती तक्रार करत नव्हती. काय झालं ते मला माहीत असेल, एवढ्याच आशेने आली होती.

मी पाणी चाखलं. निमेश, ती चव तुला पत्रातून कशी सांगू? अजून खारट नाही. पण गोडी गेलेली आहे. तांदूळ धुतलेल्या पाण्यात कोणी बोट बुडवून गेल्यासारखी चव. मी लॅबमधून क्षार मोजायचं यंत्र आणलं होतं, ते बुडवलं. आकडा लिहीत नाही, तुला त्याचा उपयोग नाही. नळाच्या पाण्यापेक्षा वाईट आला, एवढं पुरे.

आईला सांगितलं. शांतपणे सुरुवात केली होती, शपथेवर सांगते. म्हटलं, आई, रस्त्याचं मीठ विहिरीत उतरलं. ती म्हणाली, “मिठानं कदी काय नासतं काय? मीठ नासवतो का राखतो? जल्मभर मिठावर जगलो आमी.” बरोबरच आहे. ज्या घरात कुजू नये म्हणूनच सगळ्याला मीठ लावतात, त्या घरात मिठाने काही बिघडतं हे कोणाच्या गळी उतरवायचं? मी म्हटलं, मासळीला राखतं, मेथीला जाळतं. ती म्हणाली, मेथी नवशाला लावता येत नाही. मी म्हटलं, जगात कुठे रस्त्याला मीठ लावून कोणाचं भलं झालंय?

बस्स. ती उठून उभी राहिली. “परत सुरू झाली तुजी जीभ. हळदीला समद्यांसमोर भावाचा पानउतारा केला, पोट नाय भरला? त्याच्या कामाला नावं ठेवते?”

मी तुझ्या कामाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आणि हळदीचंच काढायचं तर मी तरी खोटं काय बोलले? अख्खी संध्याकाळ मी हळदीच्या बादल्या उचलतेय आणि जो तो येऊन विचारतोय, कॅनडाचा इंजिनियर भाऊ कसा आहे, इंजिनियर भाऊ कधी येणार. व्हिडिओ कॉल लागला तर त्यावरही “या इंजिनियरसाहेब!” तू पाठवलेल्याच फोटोत तुझ्या मागे ती नारिंगी गाडी होती, पाठीमागे मीठ फेकणारी चकती लावलेली. मी म्हटलं, कसला इंजिनियर, रस्त्यावर मीठ टाकायची गाडी चालवतो. जे खरं ते बोलले. खोटं तू बोललास, कमीपणा तुला वाटला आणि अबोला माझ्यावर. वा रे न्याय.

असो. मुद्दा विहिरीचा आहे. आई आता माझ्याशी बोलत नाही, ताट वाढून समोर ठेवते आणि भिंतीशी बोलते. आणि आज संध्याकाळी तिने रोजच्यापेक्षा दुप्पट मीठ टाकलं. मला दिसेल असं.

तिच्या लेखी मीठ थांबवणं म्हणजे तुझ्या कामाला वाईट म्हणणं. त्यामुळे हे फक्त तूच थांबवू शकतोस. मी हात जोडलेत असं समज. प्रत्यक्ष जोडले नाहीत.

भावना


बोईसर
११ जानेवारी

निमेश,

आता आणखी ऐक. खंडेराव उपऱ्याच्या उत्साहाने यात उतरलाय. खंडेराव म्हणजे किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा मालक, ते तू गेल्यावर बांधलंय. त्याच्या पाहुण्यांच्या गाड्या लाल होतात म्हणून तो हैराण होता. आळीतला रस्ता बघून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणतो, मूठमूठ मीठ कशाला? खाडीचं पाणी फुकट आहे. टँकर लावू, समुद्रापासून फाट्यापर्यंत रोज दोन फेऱ्या खाऱ्या पाण्याच्या मारू. डिझेल माझं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहे. फुकट आणि वर धूळ नाही, म्हटल्यावर कोण नको म्हणणार? फाट्यापर्यंतच्या रस्त्याला किती विहिरी लागतात ते तू मोजून बघ, तुला गाव आठवत असेल तर.

मी सरपंचांना भेटले. ते चांगले आहेत, पण म्हणाले, “ताई, तुमच्याच घरातून सुरू झालं ना? आणि जमनामावशी तर सांगतात, इंजिनियर मुलाने सांगितलंय, कॅनडात असंच करतात.” मी काय बोलणार? मी एकदा बोलले आणि आठ महिने भाऊ गमावून बसले.

रात्री खोलीवर बसून मीच शोधून वाचलं. तुमच्याकडची तळी हळूहळू खारी होतायत, रस्त्याकाठची झाडं करपतात, घरांच्या विहिरी सोडून द्याव्या लागल्या, लोक बाटल्या विकत आणतात. हे सगळं तुला माहीत असणार. तू रोज त्याच गाडीत बसतोस. मग आईला सांगत का नाहीस? का तुलाही तिच्यासमोर लहान व्हायचं नाही?

भागी म्हणाली, अजून पंधरा दिवस बघते. वांगी जगली तर राहते, नाहीतर भट्टीवाल्याचा माणूस येऊन गेलाय. मेथी तिने उपटून बकरीला घातली. बकरीने खाल्ली, त्यामुळे आई म्हणते मेथीला काहीच झालेलं नव्हतं.

तुझी आई धन्य आहे आणि तूही तिचाच.

भावना


दातिवरे
२७ जानेवारी

निमेश,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलंय. काय झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मध्येच भांडायला मला जागा मिळणार नाही.

गेल्या आठवड्यात मी रजेवर घरी असताना तुझा आवाजी निरोप आईला आला. लांबलचक होता. मला एवढंच कळलं की ती वलांडीआड उभी राहून फोन कानाला लावते आणि मी गेले की बंद करते. तिने तो पुन्हा पुन्हा ऐकला. मीठ टाकायला मात्र त्या दिवशी गेली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. दुसऱ्या दिवशीही गुडघा. आळीतल्या बाकीच्या बायकांचे गुडघे ठीक होते, त्या टाकत राहिल्या.

काल झेंडावंदनानंतर ग्रामसभा बसली. मी विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले होते. यंत्र पण नेलं होतं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. खंडेराव उठला, ठराव मांडला, आणि शेवटी आमच्याकडे हात करून म्हणाला, “आणि हे काही माझ्या मनाचं नाही. परदेशात सरकार स्वतः रस्त्यावर मीठ टाकतं. आपल्या जमनामावशींचा मुलगा तिथे मोठा इंजिनियर आहे, त्यानेच सांगितलंय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठणार, एवढ्यात माझ्या खांद्यावर जोर पडला. आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठत होती.

म्हणाली, “माजा पोरगा इंजिनेर नाय.”

लोकांना वाटलं, म्हातारीला ऐकू नीट आलं नाही. कोणीतरी म्हणालं, मावशी बसा. ती बसली नाही.

“मीठ टाकायची गाडी चालवतो. पयल्या दिवसापासून त्यानं मला तेच सांगितला. इंजिनेर त्याला मी केला, या तोंडानं, तुमच्यात मिरवायला. पोर म्हनायचा, आई असा नको सांगू. मीच ऐकला नाय. हळदीला भावना बोलली, तेवा तो गप बसला, आई खोटी पडेल म्हनून.”

निमेश, मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. तू समजायचं ते समज.

मग ती खंडेरावाकडे वळली. “आनि मीठवाला हाय, म्हनूनच त्याचा ऐका. इंजिनेर कागदावर बगतो, यानं आपल्या हातानं टाकलंय. तो सांगतो, बर्फ पानी होऊन निघून जातो, मीठ कुठं जात नाय. तल्यात जाऊन बसतो. बेडकं मरतात, मासली मरते. मासली, कलला काय? एक चमचा मीठ एक हंडा पानी बिगडवतो, आनि परत काडता येत नाय. त्यांच्याकडे आता जास्ती टाकला तर साहेब जाब विचारतो. पयला फावड्यानं रस्ता साफ करायचा, गाडी हळू चालवायची, आनि मग अगदीच लागला तर मीठ, तो पन भिजवून, उडू नये म्हनून. लय थंडी असली तर मीठ कामच करत नाय, वालू टाकतात. आपल्याकडे बर्फ नाय, मग आमी कशाला टाकतो? मी टाकला म्हनून. पयली मूठ माजी.”

खंडेराव म्हणाला, “मावशी, अहो पण एवढ्याशा मिठाने...” आईने माझ्या हातातली बाटली घेतली आणि त्याच्यासमोर धरली. “पी. तुज्या रिसॉर्टाच्या चहाला पन हाच पानी जातो ना पहाटे? तुजा नळ पन मचूळच हाय, मला म्हाईत हाय.” सगळे हसले. त्याने घोट घेतला. गिळला, पण वेळ लागला. म्हणाला, “आठवडाभर पाहुणे चहा परत पाठवतायत. मी दूध बदललं.”

ठराव बारगळला. माझं यंत्र पिशवीतच राहिलं.

घरी आल्यावर आईने स्वतःहून फोन माझ्यासमोर ठेवला आणि तुझा निरोप लावला. तुझा आवाज थोडा जाड झालाय. शेवटी तू म्हणतोस, “आई, ताईला सांग, तिची पत्रं मिळाली. तिच्यावर राग माझ्या कामावरून नव्हता. तू सांगितलेलं तिने तुझ्याच तोंडावर खोटं पाडलं म्हणून होता. पण विहिरीचं ती बरोबर बोलतेय. इथे मी रोज कोणाच्या तरी विहिरीत मीठ टाकून घरी जातो. आपल्या विहिरीत नको.”

पत्रं मिळाली होती, तर दोन ओळी लिहायला हात मोडले होते का? तेवढं विचारल्याशिवाय मला झोप येणार नाही.

भावना


दातिवरे
१ मार्च

प्रिय निमेश,

बघितलंस ना वर? बरं.

तुझी दोन पानी चिठ्ठी पोचली. अक्षर अजून तिसरीतलंच आहे. तुझ्या सूचना आईला वाचून दाखवल्या आणि तिने त्या माझ्या म्हणून नाही, तुझ्या म्हणून ऐकल्या. मला त्याचं काही नाही. विहीर वाचली म्हणजे झालं.

आधी झाडणं. सगळ्या बायका झाडू आणि खराटे घेऊन निघाल्या, रस्त्यावरचा मिठाचा पापुद्रा मातीसकट खरवडून काढला, गोण्या भरल्या आणि जिवल्याने त्या टेम्पोतून जिथून आणल्या तिथेच, मिठागराच्या बांधावर नेऊन टाकल्या. आई सगळ्यांच्या पुढे, गुडघा एकदम बरा. “पयला झाडायचा, निमेश सांगतो.” एका बाईने विचारलं, आणि मग मीठ? आई म्हणाली, “आपल्याकडे बर्फ पडेल तेवा.”

डंपर हळू गेले की धूळ कमी उडते, हे तू लिहिलंस त्यावर आळीची पोरं हसली, कारण डंपर हळू जात नाहीत. मग नीलेशने बोटीची जुनी जाड दोरखंडं आणली, रस्त्यात आडवी टाकली आणि खुंट्या मारल्या. एवढी दणकेबाज की पहिल्या डंपरवाल्याने खाली उतरून शिव्या दिल्या. हिंदीतून होत्या, आईला कळल्या नाहीत, तिने त्याला पाणी विचारलं. आता हळू जातात. वलांड्यांना रस्त्याच्या बाजूने फाटक्या जाळ्या दुहेरी करून बांधल्यात. तरी धूळ येते. पूर्वीच्या निम्मी. पालघरची घाऊकवाली अजून नाक मुरडते, पण घेते.

विहीर सलग उपसली. खंडेरावाने पंप दिला, हे मला लिहायला आवडत नाही, पण दिला. उपसलेलं पाणी परत झिरपू नये म्हणून थेट खाडीत सोडलं. कठडाही बांधला, तुझी बसायची जागा गेली. गटार वळवलं. यंत्राचा आकडा खाली आलाय, पहिल्यासारखा मात्र नाही. तू लिहिलंस तसंच, हे पटकन जाणार नाही, पावसाळे जावे लागतील. मी विचारलं असतं किती पावसाळे, पण तुलाही ते माहीत नसेल.

भागीची वांगी जगली. थोडी बुटकी राहिली, पण धरली. भट्टीवाल्याच्या माणसाला तिने काय सांगितलं ते तिनेच मला सांगितलं, “मी नाय येत बोलली. माजी वांगी लागलीत.” ती आता विहिरीचं पाणी घालायच्या आधी मला बोलवून यंत्र बुडवायला लावते. मी रविवारचीच असते, तर ती बाकीचे दिवस आईला विचारते. आई यंत्राशिवाय सांगते. रोज सकाळी काठावर उभी राहून ओंजळभर पिते आणि तोंड वाकडं करून म्हणते, “अजून निमेशच्या गावाची चव हाय.”

काल एक नवा व्यापारी आला होता, सातपाटीकडचा. आई बोंबील मोजून देत होती, मी वलांडीच्या पलीकडे. त्याने सहज विचारलं, मावशी, मुलं काय करतात? मी हातातलं काम थांबवलं. एवढी वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर ऐकत आले होते.

आई म्हणाली, “पोरगा रस्ते राखतो. कॅनडात.”

“आणि मुलगी?”

“ती?” आईने जाळीतून माझ्याकडे बघितलं. “ती भांडते. बाव तिनं राखली.”

रविवारी सकाळी तू आईला फोन करशील तेव्हा मी कपडे धूत नसेन. तिथेच बसलेली असेन. पण त्याआधी मला ब्लॉकमधून काढ, म्हणजे हा पोस्टाचा माणूस तरी माझ्याकडे बघायचा थांबेल.

तुझी ताई